मत्स्यपेटीतील पाण्यासाठी वाळलेली पाने : उपयोग आणि मर्यादा

शोभेचे मासे पाळणे हा छंद आता खेड्यांतही पोहोचला आहे. काही कुटुंबे घराच्या पडवीत सिमेंटची टाकी बांधून अशा माशांची पैदास करतात व जोडधंदा म्हणून ते विकतात. या धंद्यात पहिले नुकसान बहुधा पाण्यामुळे होते. बाहेरून आणलेले नाजूक मासे विहिरीच्या पाण्यात सोडताच मरू लागतात. मग कोणीतरी सुचविल्यावरून बदामाची वाळलेली पाने टाकीत घातली जातात. पाणी तांबूस होते, पण मासे मरतच राहतात. हा उपाय मुळात खोटा नाही. परंतु तो कोणत्या पाण्यात चालतो हे अगोदर समजून घेतले पाहिजे.

पानांचे कार्य

या कामी देशी बदामाची पाने वापरतात. या झाडास बंगाली बदाम असेही म्हणतात. शाळा व कचेऱ्यांच्या आवारात ते सर्वत्र आढळते आणि गळण्यापूर्वी त्याची पाने लाल होतात. अर्जुन, ऐन, हिरडा व बेहडा हे वृक्ष याच कुळातील होत. हिरड्यातील ज्या टॅनिन द्रव्याने कातडी कमावतात, त्याच जातीची द्रव्ये बदामाच्या पानांतही असतात. पान भिजले म्हणजे ही द्रव्ये व काही सौम्य अम्ले पाण्यात उतरतात. त्यामुळे पाण्यास चहासारखा रंग येतो, उजेड सौम्य होतो आणि बुरशी व जंतूंच्या वाढीस काही प्रमाणात आळा बसतो. पानांवर वाढणारे सूक्ष्म जीव माशांच्या पिलांना खाद्य म्हणून उपयोगी पडतात. थायलंडमध्ये फायटर माशांची पैदास करणारे लोक ही पाने वापरीत आले आहेत. दक्षिण अमेरिकेतील रिओ निग्रो नदीचे पाणीही जंगलातील पालापाचोळ्यामुळे काळसर व अम्लधर्मी झालेले असते.

खारपाण पट्ट्यातील अडचण

पूर्णा नदीच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा इत्यादी तालुक्यांतील बराच भाग खारपाण पट्ट्यात मोडतो. येथील भूजलात सोडियमचे क्षार व बायकार्बोनेट अधिक असतात. पानांतून जे थोडे अम्ल सुटते, ते या बायकार्बोनेटशी संयोग पावून तेथेच निष्प्रभ होते. म्हणून पाण्याचा सामू जवळजवळ पूर्वीइतकाच राहतो. क्षार तर पानांनी मुळीच कमी होत नाहीत. याउलट सातपुड्याच्या पायथ्याजवळील विहिरींचे पाणी बहुधा गोडे असते. तात्पर्य, एकाच तालुक्यातील दोन गावांना एकच सल्ला लागू पडेल असे नाही.

तीन बादल्यांची परीक्षा

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही परीक्षा शेतकऱ्यांसमोर करून दाखवावी. तीन बादल्या घ्याव्यात. पहिलीत 10 लिटर विहिरीचे पाणी व बदामाच्या पानाचा चतुर्थांश तुकडा घालावा. दुसरीत तेवढेच विहिरीचे पाणी पानाविना ठेवावे. तिसरीत 10 लिटर पावसाचे पाणी व पानाचा तितकाच तुकडा घालावा. पहिल्या दिवशी आणि सात दिवसांनी सामू दर्शविणाऱ्या कागदाने तिन्ही पाणी तपासावे. विहिरीचे पाणी खारपाणाचे असल्यास पहिल्या दोन बादल्यांच्या सामूत फारसा फरक दिसणार नाही. तिसरीतील सामू मात्र उतरलेला आढळेल. पाण्याचा रंग पालटला म्हणजे पाणी पालटले असे नव्हे, हे यावरून सर्वांच्या ध्यानी येते.

योग्य पद्धत

नाजूक मासे ठेवावयाचे असल्यास प्रथम पावसाचे पाणी मिसळून क्षार कमी करावेत व नंतर पाने घालावीत. विहिरीच्या पाण्याची विम्लता लिटरमागे 400 मिलिग्रॅम असेल आणि त्याच्या एका भागात पावसाचे तीन भाग पाणी मिसळले, तर ती सुमारे 100 वर येते. 50 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडल्यास सुमारे 500 लिटर पाणी मिळते. पहिल्या सरींचे पाणी मात्र सोडून द्यावे. केवळ पावसाचे पाणीही वापरू नये, कारण त्यात सामू एकाएकी घसरण्याचा धोका असतो.

पाने झाडावरून आपोआप गळलेली, तपकिरी व पूर्ण वाळलेली असावीत. हिरवी पाने लवकर कुजतात. कपाशीच्या अथवा संत्र्याच्या बागेलगतची, फवारणीचा अंश असलेली पाने घेऊ नयेत. पाने स्वच्छ धुऊन 40 लिटर पाण्यास एक मोठे पान या प्रमाणात घालावीत. पहिल्या खेपेस निम्मेच प्रमाण ठेवावे. तीन ते चार आठवड्यांनी जुनी पाने काढून नवी घालावीत.

घ्यावयाची दक्षता

कुजणारी पाने पाण्यातील प्राणवायू वापरतात. वऱ्हाडातील उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात तो आधीच कमी असतो. म्हणून त्या दिवसांत पानांचे प्रमाण घटवावे व टाकी सावलीत ठेवावी. मासे पृष्ठभागी येऊन तोंड उघडू लागले, तर पाने तत्काळ काढून पाणी अंशतः बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन पानांवर विसंबून राहिल्याने जात नाही. ते पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवूनच वापरावे. रोग झालेल्या माशांवर पाने हे औषध नव्हे. हा उपाय मत्स्यपेटीपुरताच आहे. शेततळ्यात पालापाचोळा टाकू नये. तसेच नको झालेले मासे नदीनाल्यात सोडू नयेत.

सुज्ञ निवड

ज्यांच्याजवळ पावसाचे पाणी साठविण्याची सोय नाही, त्यांनी पाणी बदलण्याच्या खटाटोपात न पडता पाण्यास मानवणारे मासे निवडावेत. गप्पी व मोली हे मासे जड व किंचित खारट पाण्यातही चांगले वाढतात आणि त्यांना पानांची गरज नसते. निऑन टेट्रासारखे मासे मृदू पाण्यातले; ते खारपाणात आणणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय. जमीन पाहून पीक निवडणाऱ्या शेतकऱ्याने पाणी पाहून मासा निवडावा. पाण्याची तपासणी आधी व माशांची खरेदी नंतर, हा क्रम पाळल्यास नुकसानीचा मोठा भाग टळेल.