जुन्या सुखात्मिकेचा नवा पडसाद

शेक्सपिअरचे ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ हे नाटक सुमारे १५९५ सालचे. अथेन्सच्या अधिपतीचा विवाह, त्यासाठी नाटक बसविणारे भोळे कारागीर आणि रानातील पऱ्यांच्या खोड्या यांतून त्यातील विनोद फुलतो. बॉटम विणकराला गाढवाचे डोके लाभते व परीराणी त्याच्यावरच भाळते! अखेरीस सर्व गोंधळ निवळतो आणि पऱ्या नवदांपत्यांस आशीर्वाद देतात.

टेरी प्रॅचेट (१९४८–२०१५) यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ या ४१ कादंबऱ्यांच्या अद्भुतरम्य मालिकेतील ‘लॉर्ड्स अँड लेडीज’ (१९९२) वाचताना आम्हांस हेच नाटक पदोपदी आठवते. येथेही राजविवाह आहे, ऐन उन्हाळ्यातील ती रात्र आहे, तालीम करणारे गावकरी आहेत. त्यांच्यातील विणकराचे आडनाव मात्र ‘बेकर’, म्हणजे पाववाला!

परंतु पडसाद म्हणजे नक्कल नव्हे. प्रॅचेट यांच्या पऱ्या दिसावयास मोहक, पण अंतरी निर्दय आहेत. दुसऱ्याचे दुःख त्यांना कळतच नाही. त्यांच्या तेजापुढे माणूस स्वतःस क्षुद्र मानू लागतो, हेच त्यांचे खरे शस्त्र. त्यांना भय एका लोखंडाचे. म्हणून गावच्या लोहाराला येथे मोल येते आणि भिडस्त नववधू चिलखत चढवून लढावयास निघते.

शेक्सपिअरने पऱ्यांच्या खोडीवर आपणांस हसविले. त्याच खोडीत सापडलेल्या माणसाचे काय होते, हे प्रॅचेट विचारतात. सुंदर ते सारे चांगलेच असते काय? उत्तर शोधण्यासाठी विद्यार्थ्यांनी दोन्ही कृती शेजारी ठेवून वाचाव्यात, असे आम्हांस वाटते.