महदाइसा : संन्यासिनी आणि कवयित्री



महदाइसा ही आद्य मराठी कवयित्री म्हणून आपणांस परिचित आहे. तिच्या ‘धवळ्यां’कडे वळण्यापूर्वी तिच्या संन्यस्त जीवनाचा विचार करावयास हवा. ते जीवन समजल्यावाचून तिच्या काव्याचे वेगळेपण नीट ध्यानात येत नाही.

महदाइसा, महदंबा, रूपाइसा ही एकाच स्त्रीची नावे होत. तिला बालपणीच वैधव्य आले. तेराव्या शतकातील विधवेला आप्तांच्या आश्रयाने दिवस कंठण्यापलीकडे फारसा मार्ग नसे. महदाइसेने निराळा मार्ग धरला. प्रथम दादोसांची आणि पुढे चक्रधरस्वामींची ती शिष्या झाली. नात्याने तिचे बंधू असलेले नागदेवाचार्यही याच पंथात आले व पुढे त्याचे आचार्य झाले.

महानुभाव संन्यासात भिक्षा आणि अटन यांना मोठे स्थान आहे. ओळखीचा गाव आणि ओळखीची माणसे सोडावीत, पण कन्नड व तेलंग देशांत जाऊ नये, अशी चक्रधरांची आज्ञा होती. नांदेड-लातूरच्या वाचकांनी ही आज्ञा आपल्या नकाशावर ठेवून पाहावी. देगलूरपलीकडे तेलंगण आणि उदगीरपलीकडे कर्नाटक सुरू होते. म्हणजे ही सीमा आपल्या अंगणातूनच जाते. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे तर पंथाचे पूज्य स्थान. फलटणचे चांगदेव राऊळ तेथेच दत्तात्रेयप्रभूंच्या दर्शनास आले होते. मात्र या आज्ञेचा अर्थ घाईने भाषाभिमान असा लावू नये. त्या देशांत विषय विपुल आहेत, तपस्व्यांना मान मिळतो, आणि मानाने वैराग्य सैल पडते, हे त्यामागील कारण आहे. शिवाय चक्रधर स्वतः मूळचे गुजरातचे!

धर्मासाठी देशांतर करणाऱ्या स्त्रिया अन्यत्रही आढळतात. १८४३ साली आयर्लंडमधील कार्लो येथील फ्रान्सेस वॉर्ड ही कॅथलिक संन्यासिनी काही भगिनींसह अमेरिकेतील पिट्सबर्गला गेली. तिच्या पाठीशी मठ होता, पुढे शाळा व रुग्णालये उभी राहिली. महदाइसेपाशी भिक्षेची झोळी आणि अखंड जिज्ञासा एवढेच होते.

ही जिज्ञासा ‘लीळाचरित्रा’त पदोपदी दिसते. कित्येक लीळा तिच्या प्रश्नातूनच उगवतात. ऐकलेले मुकाट्याने स्वीकारणे तिच्या स्वभावात नव्हते, आणि स्वामींनीही तिच्या चर्चक वृत्तीचा गौरवच केला आहे. स्त्रीने शास्त्रार्थ विचारावा आणि गुरूने तो तिच्याच भाषेत उलगडावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

चक्रधरांनंतर ही मंडळी विदर्भातील ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. गोविंदप्रभूंची वागणूक लोकविलक्षण. एकदा त्यांनी विवाहाची इच्छा धरली. भक्तांनी तोही सोहळा मांडला आणि महदाइसेने वरासाठी गाणी गायिली. श्रीकृष्ण-रुक्मिणीविवाहाचे हे गीत म्हणजेच ‘धवळे’. संसार सोडलेल्या, बालविधवा स्त्रीच्या मुखातून लग्नगीत यावे, यातील विरोध लक्षात घ्या. विधवेला मंगलकार्यातून दूर ठेवणाऱ्या समाजात येथे तीच मंगलगीत गाते. माझ्या मते ‘धवळ्यां’चे मोल केवळ आद्यत्वात नाही, ते या प्रसंगातही आहे.

पुढे केसोबासांनी संस्कृतात ग्रंथरचना करण्याचा विचार मांडला, तेव्हा त्याने पंथातील म्हाताऱ्या बायका ज्ञानास मुकतील, असे सांगून नागदेवाचार्यांनी त्यांना थोपवले. हा प्रसंग ‘स्मृतिस्थळा’त आहे. पंथाचे वाङ्मय मराठीत का, याचे उत्तर देताना अनेक विद्यार्थी केवळ चक्रधरांचे नाव लिहितात. त्या म्हाताऱ्यांचाही उल्लेख करावा.

स्वाध्याय : आपल्या घरातील वा गावातील वयस्क स्त्रीकडून हळदीच्या अथवा घाण्याच्या वेळचे एखादे गाणे ऐकून उतरवून घ्या. ते कोणी गायचे आणि कोणी गायचे नाही, हेही त्यांना विचारा. ‘धवळ्यां’तील विवाहवर्णनाशी त्याची तुलना करून सुमारे २०० शब्दांत टिपण लिहा.