मधुमेही बालक आणि शिक्षकाची दक्षता

जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यात निर्माण होणाऱ्या इन्सुलिन या संप्रेरकामुळेच रक्तातील साखर शरीराच्या उपयोगी पडते. काही बालकांत हे संप्रेरक जवळजवळ निर्माणच होईनासे होते. हाच पहिल्या प्रकारचा मधुमेह होय. तो गोड खाल्ल्याने जडत नाही, की संसर्गानेही पसरत नाही.

१९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्सुलिन टोचण्यात आले. तत्पूर्वी असे बालक फार काळ जगत नसे. आज उपाय उपलब्ध आहे. प्रश्न आहे तो वेळीच ओळखण्याचा.

एखादा विद्यार्थी वारंवार लघवीस जाण्याची परवानगी मागू लागला, सतत पाणी पिऊ लागला व रोडावत चालला, तर त्यास न रागावता पालकांना सूचना द्यावी. उपचार न झाल्यास शरीर चरबी जाळू लागते व रक्तात आम्ले साठतात. मग उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासाला फळासारखा वास आणि गुंगी ही लक्षणे दिसतात. हे अपचन समजून घरगुती उपायांत वेळ दवडू नये. तात्काळ रुग्णालय गाठावे. तेथे शिरेवाटे द्रव देतात, सुमारे एका तासानंतर इन्सुलिन सुरू करतात व पोटॅशियमची उणीव भरून काढतात. मेंदूस सूज येण्याचा धोका असल्याने साखर हळूहळूच उतरवतात व तासातासाला तपासणी करतात. म्हणजेच, घाई करावयाची ती आपण. उपचार मात्र सबुरीनेच व्हावयास हवेत.

इन्सुलिन घेणाऱ्या बालकास याच्या उलट संकटही संभवते. जेवण चुकले वा खेळ अधिक झाला, तर रक्तातील साखर एकाएकी उतरते. घाम, थरथर, भूक व गोंधळलेपण ही त्याची चिन्हे होत. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी व नंतर काही खावयास द्यावे. बालकास एकटे सोडू नये. ते बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता कुशीवर निजवावे आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

वर्गाच्या कपाटात साखरेचा डबा नेहमी असावा. मधुमेही बालकास वर्गात खाण्याची मुभा असावी, खेळातून मात्र वगळू नये. योग्य दक्षता घेतल्यास ते इतरांप्रमाणेच शिकू शकते, वाढू शकते.