रुसलेलं यीस्ट

सुबाभळीचा भुसा विरळ आम्लात तापवायचा, सेल्युलेजनं फोडायचा, आलेलं साखरेचं पाणी यीस्टला द्यायचं आणि इथेनॉल घ्यायचं. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात साखरेबरोबर विषही पाण्यात उतरतं आणि यीस्ट रुसून बुडाशी बसतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्याची मनधरणी करताना पदरात पडलं ते असं.

१. विष एका घरचं नसतं. लिग्निन फुटलं की व्हॅनिलिन, कोनिफेरिल अल्डिहाइड अशी फिनॉलं येतात. साखर जास्त तापली की फरफ्युरल. हेमिसेल्युलोजमधून अ‍ॅसिटिक आम्ल. विष काढायला मी घेतलेलं लॅकेस हे एन्झाइम यांतल्या फक्त फिनॉलांना हात लावतं. वाचलेलं होतं सगळं, तरी पहिल्या खेपेला फरफ्युरलचा आकडा हलेना म्हणून दोन दिवस मी तो मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रालाच शिव्या घातल्या.

२. माझे एक काका साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. ते म्हणाले, "एवढं काय त्यात? चुना घाल की." सल्ला चुकीचा नव्हता. चुन्यानं पीएच १०च्या आसपास नेण्याची रीत आमच्याकडेही जुनी आहे, आणि तिनं थोडं फरफ्युरलही जातं. पण उसाच्या रसातलं सुक्रोज अल्कलीत तग धरतं. आमचं ग्लुकोज, झायलोज तिथं फुटायला लागतं. वर जिप्समचा गाळ. हे सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "म्हणजे तुझी साखर नाजूक," आणि चहा मागवला.

३. लॅकेसला हवा लागते. मी बाटली काठोकाठ भरून, घट्ट बूच लावून रात्रभर ठेवली. सकाळी रंग होता तसाच. घरी आई वांगी चिरून पाण्यात टाकत होती, तिथं डोक्यात प्रकाश पडला. वांगं काळं पाडणारं एन्झाइमही लॅकेससारखंच तांबं बाळगणारं आणि ऑक्सिजनवर चालणारं. पाण्याखाली त्याची उपासमार होते. दुसऱ्या दिवशी फ्लास्क पाव भरला, तोंडाला कापूस लावला, शेकरवर ठेवला. तासाभरात मधाचा रंग काढ्यावर गेला. लॅकेस फिनॉलमधून इलेक्ट्रॉन काढून ऑक्सिजनला देतं, त्याचं पाणी होतं, आणि उरलेली फिनॉलं एकमेकांना चिकटून मोठे रेणू होतात. १९९८ साली स्वीडनमध्ये लुंडच्या यॉन्सन आणि सहकाऱ्यांनी विलोच्या लाकडावर नेमकं हेच दाखवलं होतं: लहान फिनॉलं घटली, मोठे रेणू वाढले, यीस्ट चाललं. त्यांचं लॅकेस लाकूड कुजवणाऱ्या ट्रॅमेटिस बुरशीचं. जी लाकूड खाते तिलाच लाकडाच्या विषाची खोड ठाऊक असणार. हे मोठे रेणू फिल्टर पेपर मात्र असा तुंबवतात की विचारू नका. आधी सेंट्रिफ्यूज करा.

४. बुरशी येऊ नये म्हणून फ्रिजमधल्या बाटलीत कुणीतरी सोडियम अझाइड घातलं होतं. लेबलावर नोंद नाही. अझाइड लॅकेसच्या तांब्याला धरून बसतं, एन्झाइम ठप्प. आठवडा गेला. "कुणीतरी" म्हणजे मीच, हे वहीच्या मागच्या पानावर सापडलं.

५. एका फ्लास्कमध्ये उकळून मारलेलं एन्झाइम घालाच. नाहीतर फरक लॅकेसचा की नुसत्या ढवळण्याचा, हे कळत नाही.

६. फरफ्युरल उरलं म्हणून घाबरायचं नाही. थोडं असेल तर यीस्टच त्याचं फरफ्युरिल अल्कोहोल करतं. तोवर वाढ थांबवून गप्प बसतं, एवढंच. मला हे ठाऊक नव्हतं तेव्हा सहा तासांत बुडबुडा दिसला नाही म्हणून एक फ्लास्क बेसिनमध्ये ओतला. जोडीचा दुसरा ओतायचा कंटाळा आला, म्हणून तसाच राहिला. सकाळी त्याच्या कापसापर्यंत फेस चढला होता.