छाप्यानंतरचा रस्ता

थंडीच्या दिवसांत आमचा सायकलवाल्यांचा गट पुण्याहून नगरला जातो. नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर. अंतर साधारण १२० किलोमीटर. प्रत्येकाने आपल्या गोतावळ्याकडून किलोमीटरमागे काही रुपये कबूल करून घ्यायचे आणि जमलेली रक्कम मानवी तस्करीतून बाहेर पडलेल्या बायकामुलींचं पुनर्वसन करणाऱ्या संस्थेला द्यायची. या रस्त्यावर मला जे उमगत गेलं, ते हे.

१. लोक सुटकेला पैसे देतात, भाड्याला द्यायला बिचकतात. ‘छाप्यात मुलगी सोडवली’ म्हटलं की समोरच्याचा हात खिशाकडे जातो. ‘तिच्या खोलीचं डिपॉझिट भरायचंय’ म्हटलं की तोच हात थबकतो. सोसायटीतल्या एका काकांनी विचारलं, “अगं, सरकार नाही का बघत हे?” बघतं. ‘शक्ती सदन’सारखी योजना आहे, आश्रयगृहं आहेत. पण आश्रयगृहाबाहेर पाऊल टाकलं की पहिल्या महिन्याचं भाडं, गॅस, आधार कार्डावरचा पत्ता, बँकेतलं खातं हे सगळं एकदम समोर उभं राहतं. पत्ता नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून पत्ता नाही. आता मी पैसे मागायला बसले की आधी खोलीबद्दलच बोलते. काकांनी पुढे डिपॉझिटचाच चेक दिला.

२. छाप्याच्या रात्री मोकळीक मिळतेच असं नाही. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईत कामाठीपुऱ्यात मोठे छापे पडले आणि शेकडो मुली ताब्यात घेतल्या गेल्या. त्यांत बऱ्याच नेपाळच्या होत्या. त्यांना ठेवायला धड जागा नव्हती, मायदेशी परतण्याची वाट लवकर उघडेना, आणि महिने गेल्यावर नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला तेव्हा त्यांतल्या काही घरच्या वाटेला लागल्या. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानुसार दंडाधिकारी सुटका झालेल्या बाईला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. ज्या बाईला कुणीतरी आत्ताआत्तापर्यंत कोंडून ठेवलं होतं, तिला हे दुसरं कुलूप कसं वाटत असेल? २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तीन तरुणींना सोडायचा आदेश दिला. सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध डांबून ठेवता येत नाही, हे स्पष्ट सांगितलं. अल्पवयीन मुलींची गोष्ट निराळी, तिथे बालकल्याण समितीने लक्ष घालायलाच हवं. पण सज्ञान बाईला ‘तुला काय हवंय?’ हे विचारायला आपल्याकडे २०२० पर्यंत कोर्टाची पायरी चढावी लागावी, याचं मला फार वाईट वाटतं.

३. वाऱ्याशी एकट्याने भांडायचं नसतं. सुप्याजवळ पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. समोरून वारा सुटला की आम्ही एकामागे एक लागतो. पुढचा दमला की बाजूला होऊन मागे येतो आणि दुसरा पुढे जातो. आश्रयगृहातल्या समुपदेशकांनाही अशीच पाळी बदलून मिळायला हवी. रोज तेच ऐकून, रात्री-बेरात्री दचकून उठणाऱ्या मुलींपाशी बसून त्या पिचून जातात. जोडीला आणखी एक समुपदेशक नेमायची तर पगार लागतो, आणि पगारासाठी देणगी मिळवणं सगळ्यांत कठीण.

४. कोण कुठून आलंय, हे विचारायचं नाही. आमच्याकडे हा नियम आहे, आणि तो पाळता पाळता मला आवडायला लागला. पीडितेची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहेच, म्हणून बॅनरवर चेहरे नसतात. शिरूरला माझं मागचं चाक बसलं तेव्हा आमच्यासोबतच्या टेम्पोतून एक मुलगी उतरली. ट्यूब काढली, बादलीत बुडवून थोडी थोडी फिरवत बुडबुडे शोधले, भोकावर बोट दाबून धरलं, पुसलं, कानशीने घासलं. सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत मला म्हणाली, “ताई, टायरच्या आतून बोट फिरवा. काटा तिथंच असतो, नाहीतर पुन्हा बसेल.” खरंच होता, बाभळीचा. ती संस्थेत राहणारी, कार्यकर्ती की कुणाची बहीण, मला माहीत नाही.

५. तस्करी लालबत्तीपुरती नाही. वाटेत उसाने भरलेल्या गाड्या भेटतात, लांब कुठे वीटभट्टीचा धूर दिसतो. प्रत्येक ऊसतोड्या किंवा भट्टीवरचा मजूर तस्करीचा बळी आहे, असं अजिबात नाही. पण मुकादमाची उचल फिटेपर्यंत ज्याला जागचं हलता येत नाही, त्याच्यासाठी वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ पासून आहे. कुंटणखान्यात नव्या मुलीच्या नावावर लिहिलेलं कर्जही याच जातीचं: तिला विकत घेतानाची किंमत तिच्याच डोक्यावर बसते. कुलपापेक्षा हा हिशोब जास्त घट्ट धरून ठेवतो.

६. साक्ष द्यायला ताकद लागते आणि तिकीटही. मुलगी बंगालमधल्या गावी परतलेली असते आणि खटला इथे चालतो. व्हिडिओवरून साक्ष नोंदवता येते, सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच ते मान्य केलंय. तरी तिला कोर्टात यावं लागलं तर तिचं आणि सोबतच्या बाईचं भाडं, राहण्याची सोय, बुडालेली मजुरी हे सगळं कुणीतरी भरायला लागतं. त्याअभावी ती आली नाही, तर आरोपी सुटायची वाट मोकळी होते.

७. सगळ्यांत मोलाचं काम बातमीत येत नाही. १९८८ मध्ये ‘प्रेरणा’ या संस्थेने कामाठीपुऱ्यात रात्रीचं पाळणाघर सुरू केलं, आया धंद्यावर असताना मुलं तिथे जेवायची, अभ्यास करायची, झोपायची. नगरचं ‘स्नेहालय’ १९८९ चं, तेही अशाच मुलांच्या काळजीतून उभं राहिलेलं. पुढची पिढी त्याच दलालाच्या हाती लागू नये, यासाठी रोज रात्री जेवण आणि अंथरूण लागतं, आणि त्याचा खर्च दर महिन्याला येतो. म्हणून ज्यांनी किलोमीटरमागे एकदाच पैसे दिले, त्यांना मी हल्ली ‘दरमहा थोडे द्याल का?’ असं विचारायला फोन करते. बरेच जण हो म्हणतात.