वाचाघात : प्रौढांच्या भाषेतील बिघाड आणि भाषेची रचना

प्रास्ताविक

भाषा ही परस्परसंबद्ध चिन्हांची व्यवस्था आहे, हे आपण यापूर्वी अभ्यासले आहे. पूर्णपणे आत्मसात झालेली ही व्यवस्था प्रौढ वयात बिघडली तर काय होते, याचा विचार या घटकात करावयाचा आहे.

१. वाचाघात म्हणजे काय?

मेंदूला इजा झाल्यामुळे, बहुधा पक्षाघाताच्या झटक्यानंतर, बोलण्याची, समजण्याची आणि वाचन-लेखनाची क्षमता अंशतः वा पूर्णतः लोपणे म्हणजे वाचाघात होय. जिभेचे व ओठांचे स्नायू दुर्बल होऊन उच्चार अस्पष्ट होणे हा याहून वेगळा दोष आहे. त्यात भाषा शाबूत असते, केवळ उच्चारण बिघडते.

२. दोन प्रमुख प्रकार

१८६१ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यचिकित्सकाने केवळ ‘टां’ एवढेच उच्चारू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी केली. डाव्या गोलार्धाच्या पुढील भागात इजा आढळली. अशा रुग्णांचे बोलणे तुटक असते : ‘आई… बाजार… भाजी’. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी दुसरा प्रकार वर्णिला. त्यात बोलणे ओघवते, परंतु अर्थहीन होते आणि इतरांचे बोलणेही नीट उमगत नाही.

३. भाषावैज्ञानिक स्पष्टीकरण

रोमान याकोबसन यांनी १९५६ मध्ये या बिघाडांची संगती भाषेच्या रचनेशी लावली. वाक्य बोलताना आपण निवड करतो आणि जुळणी करतो. ‘मी भाकरी खाल्ली’ या वाक्यात ‘भात’, ‘पोळी’ यांऐवजी ‘भाकरी’ निवडणे ही निवड. ‘खाल्ला’ न म्हणता ‘खाल्ली’ म्हणणे ही जुळणी. निवड बिघडली की ‘चमचा’ऐवजी ‘वाटी’ येते. जुळणी बिघडली की व्याकरण ढासळते.

बिघाडाचे रूप भाषेनुसार बदलते. इंग्रजीत प्रत्यय गळाला तरी शब्द उरतो. इटालियन, हिब्रू यांसारख्या रूपसमृद्ध भाषांत मात्र एका रूपाऐवजी दुसरे रूप येते, असे आढळले आहे. मराठीतही ‘भाकरी खाल्ला’ अशी चूक याच दृष्टीने तपासावी लागेल.

४. व्यावहारिक महत्त्व

शब्द हरवला म्हणजे विचार हरवला, असा समज घरोघरी आढळतो. मग त्या व्यक्तीचे मत विचारणे थांबते आणि तिच्या देखतच तिच्याविषयीचे निर्णय होतात. हे अन्यायाचे आहे. लहान वाक्यांत बोलावे, ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असे विचारावे, खुणा व चित्रे वापरावीत आणि उत्तराची वाट पाहावी. बिघाड कानात नसल्याने मोठ्याने बोलून उपयोग नाही. वाचोपचार तज्ज्ञाचा सल्ला लवकर घ्यावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

एक आजोबा ‘दूध’ मागतात. दूध पुढे करताच मान हलवून नाकारतात आणि पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवतात. येथे काय बिघडले आहे आणि काय शाबूत आहे, ते सकारण लिहा.