तसबिरींचे दुकान

भिंतीवर टांगलेल्या चित्राला मराठीत 'तसबीर' म्हणतात. हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. तो तुमच्या 'तस्वीर'चाच भाऊ आहे. आज आपण तसबिरींच्या एका दुकानाची रचना करू या. हे दुकान पेठेत नाही, संगणकाच्या पडद्यावर आहे. त्याला संकेतस्थळ म्हणतात.

समजा, एक छायाचित्रकार आहे. तो लग्नाची छायाचित्रे काढतो. सवड मिळाली की भिगवणला उजनी धरणाच्या काठी जाऊन रोहित पक्षी टिपतो. त्याला आपले काम लोकांना दाखवायचे आहे आणि छापील प्रतीही विकायच्या आहेत. म्हणून संकेतस्थळाचे दोन भाग करावेत: एक दालन, दुसरे दुकान.

दालनात निवडक वीस-पंचवीस छायाचित्रे पुरेत. शंभर ठेवली तर पाहणारा कंटाळतो. दुकानात काय ठेवावे, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. नवरीचे सुंदर छायाचित्र विकता येईल का? १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार, वेगळा करार नसेल, तर पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. म्हणून लग्नाची छायाचित्रे दालनात लावण्यापूर्वीही त्या कुटुंबाची लेखी परवानगी घ्यावी. रोहित पक्षी मात्र खुशाल विकावा!

आता थोडे गणित. संगणकातील छायाचित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके लागतात, असे मानतात. कॅमेऱ्याने ६००० × ४००० ठिपक्यांचे छायाचित्र दिले, तर ते २० इंच रुंद छापता येते. पण पक्षी दूर होता म्हणून कडा कापून निम्मीच रुंदी ठेवली, तर ३००० ठिपके उरतात. म्हणजे फक्त १० इंच! अशा छायाचित्राखाली १८ इंचांचा आकार विक्रीला ठेवू नये. ग्राहकाने पैसे मोजावेत आणि त्याच्या हाती धूसर कागद पडावा, हे बरे नव्हे.

आकाराचीही एक गंमत आहे. ८ × १२ इंचांत हे छायाचित्र पूर्ण बसते. ८ × १० इंचांत बसवायचे, तर लांबीतले २ इंच कापावे लागतात. उभ्या छायाचित्रात बिचाऱ्या रोहिताचे पायच जातात! म्हणून ग्राहकाला काय कापले जाईल, ते आधी पडद्यावर दाखवावे.

पडद्यावर छोटी प्रत ठेवावी. १५०० ठिपके रुंदीची प्रत मोबाईलवर लवकर उघडते. कोणी ती चोरून छापली, तरी ती ५ इंचांपेक्षा मोठी चांगली येत नाही. मोठी प्रत छायाचित्रकाराने स्वतःजवळच जपावी.

पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद देत नाही. त्यामुळे छापील प्रत पडद्यापेक्षा थोडी काळसर दिसते. विक्रीपूर्वी प्रत्येक छायाचित्राची एक नमुना प्रत छापून दिवसाच्या उजेडात पाहावी.

किंमत, कागदाचा प्रकार, टपालखर्च आणि प्रत खराब पोहोचल्यास काय करणार, हे सारे पैसे भरण्यापूर्वीच दिसले पाहिजे. शेवटी छायाचित्रकाराने साध्या मोबाईलवरून स्वतःच एक प्रत मागवावी आणि ती घरी कशी पोहोचते, ते पाहावे. मगच दुकान उघडावे.